कर्नल साइक्स आणि भीमेचे मासे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने माशांवर लेख लिहिलेला पाहून विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. परंतु ज्या गृहस्थाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, तोही प्राणिशास्त्र शिकलेला नव्हता. तो प्रथम सैनिक होता, नंतर आकडे गोळा करणारा सरकारी अधिकारी झाला, पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन आणि ब्रिटिश पार्लमेंटचा सभासदही झाला. विल्यम हेन्री साइक्स हे त्याचे नाव. पक्षी पाहणाऱ्यांना ते ठाऊक असते, कारण साइक्सच्या नावाचा एक चंडोल आहे. आफ्रिकेतील एका माकडालाही त्याचेच नाव आहे. संख्याशास्त्राच्या इतिहासात तो लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीचा अध्यक्ष म्हणून येतो. माझ्या मते मात्र त्याचे सर्वांत टिकाऊ काम म्हणजे भीमा आणि तिच्या उपनद्यांतील माशांची त्याने केलेली यादी होय. हीच भीमा पुढे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातून वाहते.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. घराणे यॉर्कशायरचे. ज्या वयात आपल्याकडील मुले सातवी-आठवीच्या वर्गात असतात त्या वयात, म्हणजे १८०३ साली, तो कंपनीच्या लष्करी नोकरीत शिरला आणि मुंबईच्या फौजेत दाखल झाला. १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरला वेढा घातला, तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा तेथे होता. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकी आणि येरवडा येथे दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी कंपनीच्या लढाया झाल्या, त्यांतही तो लढला. म्हणजे मराठी वाचकाच्या दृष्टीने तो शत्रुपक्षाचा माणूस. हे विसरून त्याचे गुणगान करण्याचे कारण नाही, आणि हे आठवून त्याची वही फेकून देण्याचेही कारण नाही. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाचा हिशेब हवा होता आणि त्या गरजेतूनच साइक्सचे पुढले आयुष्य घडले.

१८१९ मध्ये कॅप्टन झाल्यावर तो रजेवर गेला आणि चार वर्षे युरोपात हिंडला. १८२४ च्या ऑक्टोबरात परत आला, त्या वेळी मुंबईच्या गव्हर्नरपदी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. त्याने साइक्सला मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमले. हे पद मोठे विलक्षण होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांत घोड्यावरून हिंडावयाचे आणि जे जे मोजता येईल ते ते मोजावयाचे. गावे किती, माणसे किती, पिके कोणती, धान्याचे दर काय, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क कोणते, मिरासदाराची जमीन कोणती, पाऊस किती पडतो, हवेचा दाब दिवसातून केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो! या चौघांत धारवाड होते, म्हणजे मराठी आणि कानडी हे दोन्ही मुलूख एकाच वहीत आले होते, हे आपल्या दुभाषी महाविद्यालयातील वाचकांनी ध्यानात घ्यावे.

१८२९ साली काटकसर म्हणून सरकारने हे पदच बंद केले. अशा वेळी बहुतेक अधिकारी वही मिटून पलटणीत परत जातात. साइक्सने तसे केले नाही. काम अपुरे आहे म्हणून तो येथेच राहिला, आपली माहिती पुरी केली आणि १८३१ च्या जानेवारीत मायदेशी निघाला. पगार बंद झाल्यावरही जमाखर्च पुरा करून देणारा कारकून आजही क्वचितच सापडतो.

त्याने नेलेल्या सामानात नुसते आकडे नव्हते. दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३१ मध्ये आणि पक्ष्यांची १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. पक्ष्यांच्या यादीत दोनशेहून अधिक जाती होत्या. पक्षी काय खातो हे तो पोट फाडून पाही व नोंदवून ठेवी. हवामानावरील त्याचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत आला आणि जमीनधारा पद्धतीवरील लेखनही त्याच वर्षीचे. त्यांत माशांचा क्रम सर्वांत शेवटी लागला. थोडक्यात वर्णन १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापले गेले आणि चित्रांसह पुरा निबंध १८४१ मध्ये बाहेर पडला. दख्खनचे मासे असे साधे नाव. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक त्याने नव्या म्हणून मांडल्या. मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड, भीमा अशा पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांतून हे मासे मिळाले होते.

या यादीचा विशेष मराठी वाचकाच्या लगेच नजरेत भरतो. नव्या माशाला लॅटिन नाव देताना त्या काळचे शास्त्रज्ञ ग्रीक पुराणाकडे नाही तर आपल्या मित्रांकडे वळत. साइक्सनेही काही मित्रांची नावे माशांना दिलीच. पण उरलेल्या पुष्कळ माशांची नावे त्याने नदीकाठी ऐकली तशी उचलली आणि त्यांनाच शास्त्रीय नाव करून टाकले. इंद्रायणीतल्या एका माशाच्या तोंडावर आडवी खाच असते, त्यामुळे नाक मोडल्यासारखे दिसते. काठावरचे लोक त्याला नकटा म्हणत, तो शास्त्रात नुक्ता झाला. मिशांचा आणि काट्यांचा शिंगटी तसाच राहिला. आजही आपल्या बाजारात त्याच्या जातभाईंना शिंगटा म्हणूनच विकतात. दगडगोट्यांच्या तळाशी राहणारी बोटभर मुरी मूरेह झाली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला मोठ्या खवल्यांचा दख्खनी महाशीर खुदरी झाला. रोहती या नावाची तर त्याने संपूर्ण प्रजातीच केली. सांडखोल, कोलुस, बोगट, मुल्या, लोणा ही नावे आज जगातल्या कोणत्याही भाषेतील मत्स्यग्रंथात लॅटिन म्हणून छापली जातात. आणि एका माशाचे नाव त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत गावच्या पाटलासाठी जे स्पेलिंग वापरीत, अगदी त्याच स्पेलिंगने लिहिलेले आहे. जमिनीच्या हक्कांवरील त्याचा निबंध आणि माशांवरील निबंध शेजारी शेजारी ठेवला, तर पाटील दोन्हीकडे भेटतो.

एक गोष्ट मात्र खटकते. मासा पकडणारे, नाव सांगणारे, कोणता मासा कोणत्या डोहात मिळतो हे ठाऊक असणारे भोई आणि कोळी होते. जातींची नावे त्यांच्या तोंडची, पण जातीपुढे शोधक म्हणून साइक्सचे नाव लागते. हे केवळ त्याच्या बाबतीत झाले असे नाही, त्या काळची रीतच ती होती. तरी वाणिज्याच्या विद्यार्थ्याला वाटते की खात्यात ज्याची जमा आहे त्याचे नाव खतावणीत असावयास हवे होते.

इंग्लंडमधील त्याचे उत्तरायुष्य मोठ्या मानमरातबाचे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने कोरडे आहे. १८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला, १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला, १८४० मध्ये कंपनीचा डायरेक्टर आणि १८५६ मध्ये चेअरमन. १८५७ पासून मृत्यूपर्यंत तो ॲबर्डीनचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्ये बसला. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने आणि १८६३ मध्ये स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्याला अध्यक्ष केले. १६ जून १८७२ रोजी तो वारला. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत, १८७५ ते १८७८ च्या दरम्यान, फ्रान्सिस डे या सर्जनचा भारतातील माशांवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात साइक्सच्या काही जाती नव्या नसून आधीच वर्णिलेल्या होत्या असे दाखविले गेले. तरीही नकटा, सांडखोल, खुदरी यांसारखी कितीतरी नावे आजपर्यंत टिकून आहेत.

साइक्स गेल्यावर शंभरावर वर्षांनी त्याच्या यादीला जे मोल आले, त्याची कल्पना त्याला स्वतःला असणे शक्य नव्हते. ते समजण्यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जावे लागेल.

नदीचे पाणी चांगले की वाईट हे ठरविण्याची रूढ पद्धत म्हणजे बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेणे. प्राणवायू किती, क्षार किती, घाण किती हे त्यावरून कळते. पण बाटली भरली त्या क्षणाचेच ते उत्तर असते. कारखान्याने रात्री घाण सोडली आणि नमुना सकाळी घेतला, तर बाटली निर्दोष सुटते. रोख शिल्लक मोजून दुकान नफ्यात आहे की तोट्यात हे ठरविण्यासारखाच हा प्रकार आहे. त्यासाठी वर्षभराची खतावणी पाहावी लागते. ओढ्याची खतावणी म्हणजे त्यातील मासे. मासा तेथेच जन्मतो, वाढतो, वर्षानुवर्षे राहतो, आणि जे काही पाण्यात येते ते सारे त्याला भोगावे लागते. अमेरिकेतील इलिनॉय आणि इंडियाना या राज्यांतील ओढ्यांवर काम करणाऱ्या जेम्स कार या शास्त्रज्ञाने १८८१ नव्हे, १९८१ साली (शतकाचा फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा) माशांच्या समूहावरून ओढ्याची प्रकृती मोजण्याचे एक कोष्टक मांडले. त्यात बारा कसोट्या होत्या. प्रत्येक कसोटीला पाच, तीन किंवा एक गुण. सर्व उत्तम तर साठ, सर्व वाईट तर बारा.

कसोट्या वाचल्या की त्यामागचा व्यवहारी शहाणपणा पटतो. ओढ्यात एकूण जाती किती? तळाशी दगडांत राहणाऱ्या जाती आहेत काय? गाळ बसला किंवा वाळू उपसली की प्रथम त्याच जातात. घाण मुळीच न सोसणाऱ्या नाजूक जाती उरल्या आहेत काय? काहीही सोसणाऱ्या जातींचे प्रमाण किती वाढले? मिळेल ते खाणारे किती, किडे खाऊन राहणारे किती, आणि दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे शिकारी किती? एकूण संख्या किती, आणि अंगावर व्रण, गाठी किंवा व्यंग असलेले किती? मोठा शिकारी मासा टिकून असणे म्हणजे त्याच्या खालची सगळी साखळी शाबूत असणे. याउलट सर्वभक्षी आणि निगरगट्ट मासेच उरले, तर माशांची गर्दी कितीही दिसली तरी ओढा आजारी समजावा.

आपल्याकडील माशांना ही कसोटी लावणे कठीण नाही. मुरी हवी असेल तर गोटे हवेत आणि गोट्यांवरून वाहते पाणी हवे. महाशीराला स्वच्छ, प्राणवायूने भरलेला प्रवाह लागतो. मरळ मात्र वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून साचलेल्या डबक्यातही तग धरते. तेव्हा ओढ्यात मरळ सापडली एवढ्यावरून पाणी चांगले असे म्हणता येत नाही. परदेशातून १९५२ मध्ये आणलेला तिलापिया, ज्याला उजनीकडे चिलापी म्हणतात, तो तर कोठेही संसार थाटतो. बाजारात चिलापीचे ढीग असले तरी नदीच्या पतमापनात तिला गुण नाहीत.

मात्र अमेरिकेचे कोष्टक जसेच्या तसे उचलून चालत नाही, कारण तेथील मासे निराळे. १९९८ मध्ये व्हिक्टोरिया गणसन आणि रॉबर्ट ह्यूज या दोघांनी इंदूर-उज्जैन भागातील खान आणि क्षिप्रा या नद्यांसाठी ते येथल्या माशांवर बेतून वापरून दाखविले. सांडपाणी आणि कारखान्यांची घाण जेथे मिसळत होती, तेथील गुण उतरलेले दिसले.

या साऱ्या पद्धतीचा एक आधार आहे आणि तेथेच साइक्स पुन्हा भेटतो. गुण द्यावयाचे तर तुलनेसाठी काहीतरी हवे. निरोगी ओढ्यात कोणते मासे असावयास हवेत, हे आधी ठाऊक असले पाहिजे. आरंभीचा साठा किती हे लिहिलेलेच नसेल तर वर्षअखेर चोरी झाली की नाही हे कोणता लेखापरीक्षक सांगणार? पुण्याच्या नद्यांसाठी तो आरंभीचा साठा साइक्सने लिहून ठेवला होता, तोही खडकवासल्याचे धरण (१८७९) बांधले जाण्याच्या कितीतरी आधी. म्हणून पुढे १९४२ मध्ये फ्रेझर, १९४४ मध्ये सूटर, १९६३ मध्ये तोनापी आणि मुळहेरकर यांनी पुण्याचे मासे नोंदविले, तेव्हा त्या नोंदी एका लांबच लांब रोजमेळाची पुढली पाने ठरल्या. २००३ मध्ये पुण्याच्याच संशोधकांनी ही सर्व पाने एकत्र ठेवून हिशेब केला आणि तूट स्पष्ट दिसली. जुन्या याद्यांतील कित्येक जाती मिळेनाशा झाल्या होत्या आणि बाहेरून आणलेल्या जाती त्यांच्या जागी शिरल्या होत्या. कारणे आपल्या ओळखीचीच आहेत. सांडपाणी, बंधारे, वाळूउपसा, परका मासा. इतकी वर्षे कोणी काही न लिहिता गेली असती, तर जे नाहीसे झाले ते कधी होते हेच कळले नसते.

यादीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. साइक्सने मासे कोणते ते लिहिले, किती ते मोजले नाहीत. आयुष्यभर माणसे, बैल आणि नांगर मोजणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाची ही गंमतच आहे. त्यामुळे काराच्या बारा कसोट्यांपैकी जातींविषयीच्या काहींनाच त्याची यादी उपयोगी पडते, संख्येच्या आणि प्रमाणाच्या कसोट्यांना ती मुकी आहे. शिवाय एखादी जात त्याच्या यादीत नाही म्हणजे ती त्या वेळी नव्हती, असेही होत नाही. जाळ्यात जे आले ते लिहिले गेले.

आता आपल्या भागाकडे यावे. साइक्सचा अधिकार त्या चार कलेक्टोरेटांपुरता होता. बीदर आणि गुलबर्गा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि पुढे १९४८ पर्यंत तेथेच राहिले. म्हणून ज्या सरकारसाठी त्याने वही लिहिली त्या वहीत आपले पान नाही. भीमा तीच, पाणी तेच, पण हद्द ओलांडली की नोंद थांबते. गाणगापूरला भीमेला मिळणारी अमरजा, मळखेडवरून वाहणारी कागिणा, तिला मिळणारी बेन्नेतोरा, बीदरकडील कारंजा आणि ती ज्या मांजरेला मिळते ती मांजरा, यांपैकी एकीचाही आरंभीचा साठा साइक्सने लिहिलेला नाही. माशांना मुंबई सरकार आणि निजाम सरकार यांतील फरक ठाऊक नव्हता. तो फरक कागदाला ठाऊक होता.

यामुळे आपले काम पुण्यापेक्षा अवघड आहे. १९८० मध्ये उजनीचे धरण झाल्यापासून भीमेचे पाणी वरून सोडले तर खाली येते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे नदीचे तुटक डोह उरतात. असल्या डोहांत नाजूक जाती आधीच गळालेल्या असणार. म्हणजे आज कोणी कागिणेत जाळे टाकून यादी केली आणि तिलाच आरंभीचा साठा मानले, तर तूट झाल्यानंतरची शिल्लक मूळ भांडवल म्हणून लिहिल्यासारखे होईल. यावर तोडगा दोन ठिकाणी दिसतो. एक, साइक्सची यादी वरच्या भीमेची असली तरी खोरे एकच असल्याने येथील अपेक्षित जातींचा अंदाज बांधण्यास ती चालते. दुसरा तोडगा माणसांपाशी आहे. नदीकाठचे वृद्ध कोळी आणि अंबिगा यांना कोणत्या हळ्ळात पूर्वी कोणता मासा मिळे हे आठवते. तो मासा ते एका वाक्यात मराठी नावाने आणि पुढच्या वाक्यात कानडी नावाने सांगतात. साइक्सनेही आपली नावे अशाच तोंडांतून घेतली होती. फरक इतकाच की त्याला फक्त मराठी नावे लिहून चालले, येथे दोन्ही रकाने भरावे लागतील. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जाळे आणि भिंग घेऊन आले, तर रकाने आखून देण्याचे काम आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी करू शकू.

सुरुवात करावयाची तर सांडखोलपासून करावी. साइक्सने १८३९ मध्ये वर्णिलेला हा रुपेरी मासा कृष्णा आणि गोदावरी या दोनच खोऱ्यांचा रहिवासी आहे. कलबुर्गीची भीमा कृष्णेला मिळते आणि बीदरची मांजरा गोदावरीला, तेव्हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांवर त्याचा सारखा हक्क पोहोचतो. नकट्याप्रमाणेच त्याचेही नाव आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये आहे.